लाकडाच्या बैलांना आवतण

माझे वडील शास्त्रज्ञ होते, ही बातमी मला शाळेत कळली. घरात तसं कोणी म्हणत नसे. आई म्हणायची, "तुहे बाबा किडे मोजाच्या हापिसात हायेत," आणि ते काही खोटं नव्हतं. साकोलीच्या अलीकडे धानावर संशोधन करणारं एक केंद्र होतं, तिथे बाबा कीटकशास्त्रज्ञ होते. दिवसभर धानाच्या बांधीत गुडघाभर चिखलात उभं राहून ते खोडकिडा, गादमाशी आणि तुडतुडे मोजत. संध्याकाळी सायकलवर टांग मारली की त्यांच्यातला शास्त्रज्ञ त्या केंद्राच्या फाटकातच राहायचा आणि आई ज्याला 'नाद' म्हणायची तो सुरू व्हायचा. हा नाद आमच्या घराने सोसला, शेजाऱ्यांनी सोसला आणि शेजाऱ्यांच्या जनावरांनीही सोसला. आम्ही केंद्राजवळच्या एका खेड्यात भाड्याच्या घरात राहायचो. कौलारू घर, पुढे ओसरीसारखी लांबलचक सपरी, मागे परसात पेरूचं झाड. शेजारी तुळसाबाई आणि तिची म्हैस.

म्हशीचा उल्लेख मुद्दाम केला. बाबांनी दंडारीची नाटकं करणाऱ्या एका मोडलेल्या मंडळाकडून पेटी विकत आणली होती. तिची एक पट्टी एकदा दाबली की आपल्या मर्जीने वर यायची. तोपर्यंत तो एकच सूर अखंड वाजत राहायचा, आणि बाबा सगळी भजनं त्या सुराशी जुळवून घ्यायचे. पेटी सुरू झाली की तुळसाबाईची म्हैस पान्हा चोरायची. बिचारी तुळसाबाई रोज चरवी हातात घेऊन सपरीच्या पायरीशी यायची आणि म्हणायची, "साहेब, मी दूध काढून घेतो जी, मंग तुमी गा." बाबा अगदी सभ्यपणे थांबायचे. पेटीनंतर रांगोळी आली. एका दिवाळीला त्यांनी दारात चटईएवढा तुडतुडा काढला. पंखांच्या शिरा, डोळे, पायांवरची लव, सगळं जिथल्या तिथे. लक्ष्मीपूजनाला आलेल्या बायांना ते लक्ष्मीचं एखादं नवीन वाहन वाटलं असावं, कारण सगळ्यांनी त्याला हळदकुंकू वाहिलं. पुढच्या हंगामात योगायोगाने धानावर तुडतुडा कमी आला. झालं! दुसऱ्या दिवाळीला गावातल्या बाया दारात तुडतुडा काढून द्या म्हणून बाबांना बोलवायला आल्या. हा हवामानाचा परिणाम आहे असं बाबा प्रत्येकीला समजावून सांगत होते आणि सांगता सांगता रांगोळीही काढून देत होते.

पण पेटी आणि रांगोळी हे वरवरचे नाद. बाबांचा खरा जीव अडकला होता झडत्यांमध्ये. आमच्याकडे पोळ्याला गावातल्या बैलजोड्या सजून तोरणाखाली रांगेने उभ्या राहतात. मग एकेक कास्तकार हात वर करून यमक जुळवलेली झडती ठणकावतो आणि शेवटी सगळं गाव 'हर हर महादेव'चा गजर करतं. कुणी देवाची झडती म्हणतो, कुणी सरपंचाची खिल्ली उडवतो, कुणी बायकोची. बाबा वर्षभर झडत्या जुळवायचे. त्यांच्या झडत्या किडींवर असायच्या. एक मला अजून पाठ आहे:

खोडकिडा म्हने मी धानाचा जवाई,
पोटात बसून खातो, जाची नाही घाई,
सासऱ्याच्या कोठीत दाना उरला नाही!

आंघोळ करताना ते ही झडती इतक्या जोरात म्हणायचे, की तिकडून तुळसाबाईच 'हर हर महादेव' म्हणून मोकळी व्हायची. पण पोळ्यात मात्र बाबांना झडती कधी म्हणता आली नाही. आमच्या गावचा दंडक असा होता, की ज्याच्या हातात जोडीचा कासरा, त्यानेच झडती म्हणायची. बाबांकडे ना वावर होतं ना बैल. पवनीकडे एका गावात बोडीच्या, म्हणजे लहान तळ्याच्या, पाळीखाली त्यांच्या वडिलांचं धानाचं वावर होतं. बाबांना नोकरी लागली तेव्हा, याला पगार आहे तर वावर त्याला, असं ठरून बोडीसकट सगळं त्यांच्या थोरल्या भावाच्या, म्हणजे मोठेबाबांच्या, नावावर गेलं. त्यात कोणी कोणाला फसवलं नाही, भांडण नाही की अबोला नाही. फक्त त्या दिवसापासून बाबा कास्तकार राहिले नाहीत, आणि ही गोष्ट त्यांच्याखेरीज कुणाच्या लक्षातही आली नाही. पोळ्याच्या दिवशी ते धुतलेलं धोतर नेसून, नवी झडती तोंडपाठ करून जायचे आणि शाळेच्या भिंतीला टेकून पोरासोरांत उभे राहायचे. कुणाला धानावरच्या रोगाचं विचारायचं असलं की तेवढ्यापुरता तो त्यांच्याजवळ यायचा. घरी आल्यावर ते दोन पुरणपोळ्या मुकाट खायचे. मला त्यांची दया यायची आणि रागही यायचा. एवढा मोठा शिकलेला माणूस, याला बैलवाल्यांच्या रांगेत उभं राहायची हौस कशाला, असं मला वाटायचं. आता मी नागपूरला सहाव्या मजल्यावर राहते आणि कुंड्यांमध्ये मूठभर धान पेरते. मुलगा विचारतो, "आई, हे कशाला?" मी कुंड्यांना पाणी घालत राहते.

मी आठवीत गेले त्या वर्षी बाबांनी पाटलांना गाठलं. लेखराम पाटील म्हणजे पोळ्याचे मुख्य. पांढऱ्या मिशा, गळ्यात उपरणं आणि नियमांवर अफाट प्रेम. बाबांनी विचारलं, "पाटील, मी जोडी आणली तर चालेल का?"

"काहून नाही चालनार? पन भाड्याची नाही चालत, साहेब. तुमच्या घरची पायजे. आदल्या दिवशी तुमी खांद मळली पायजे, आवतन देल्लं पायजे. आन् पोळ्याच्या दिवशी तुमच्या दारात जेवली पायजे. इतकं केलं, का जोडी तुमची."

बाबा घरी आले ते चमकत्या डोळ्यांनी. "घरची हवी, खांद मळलेली हवी, जेवलेली हवी," ते आईला म्हणाले. "जिवंत हवी असं पाटील कुठे बोलले?"

आई तांदूळ निवडत होती. तिने वर बघितलं आणि पुन्हा खाली बघितलं. "बापा, आता हे नवीन," एवढंच ती म्हणाली.

वादळात पडलेला एक जुना आंबा बाबांनी मिळवला. बंडीतून त्याचे ओंडके आले आणि आमची सपरी गेली. त्या उन्हाळ्यात आमच्या घरात सकाळपासून वाकसाचे घाव आणि पटाशीचे ठोके ऐकू यायचे. वरणात भुसा, दह्यात भुसा, माझ्या वेणीत भुसा. बाबा टेप घेऊन गावातले बैल मोजत फिरायचे. वशिंडाची उंची, कानांची लांबी, दोन शिंगांमधलं अंतर. पाटलांच्या बैलाने एकदा त्यांना उकिरड्यापर्यंत पळवलं, तरी त्यांनी टेप सोडला नाही. पावसाळ्याच्या तोंडाशी जोडी उभी राहिली. खऱ्या बैलाएवढी, पायांखाली लाकडी चाकं. चाकांचा कुई कुई आवाज निघाला की तुळसाबाईची म्हैस मान वळवून बघायची. पाठ, पाय, वशिंड, सगळं मापात. घोळ झाला तो उजव्या बैलाच्या तोंडात. काय चुकलं कोण जाणे, पण त्याचा चेहरा हुबेहूब लेखराम पाटलांसारखा झाला. तीच जड पापणी, तोच खालचा ओठ. अख्ख्या गावाने येऊन तो बघितला आणि कुणी एक शब्द बोललं नाही. पाटील स्वतः आले, बराच वेळ बैलासमोर उभे राहिले आणि म्हणाले, "याले कोठंतरी पायल्यासारखं वाटते." बाबा म्हणाले, "सगळे बैल सारखेच दिसतात, पाटील."

पाटलांनी एक मार्ग सुचवून बघितला. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पोरांचा तान्हा पोळा असतो, तेव्हा लाकडाचे बैल आणतातच. साहेबांनी ही जोडी तेव्हा आणावी. बाबांचा चेहरा उतरला. "पाटील, मी पोरगा आहे का?" त्यांनी विचारलं. आपणच सांगितलेला नियम पाटलांना मोडवेना, आणि लाकडाच्या बैलाला तोरणाखाली घ्यायचंही जिवावर येत होतं. शेवटी ते म्हणाले, "नेम पुरा करा, साहेब. मंग पाहू."

पोळ्याच्या आदल्या दिवशी दिवेलागणीला बाबांनी तुळसाबाईकडून लोणी आणलं, त्यात हळद कालवली आणि दोन्ही बैलांच्या खांद्यांना चोळलं. आंब्याचं लाकूड ते लोणी पिऊन तकतकायला लागलं. मग त्यांनी रीतीप्रमाणे बैलांच्या कानाशी तोंड नेऊन उद्याच्या जेवणाचं आवतण दिलं. ते इतक्या मनापासून दिलं, की मला हसू आलं नाही. आई दारात उभी होती. इतके महिने ती या सगळ्याकडे भुसा झाडण्यापलीकडे लक्ष देत नव्हती, पण आवतण तिने ऐकलं आणि ती गंभीर झाली. "अजी, आता बोलावलं ना तुमी? म्हंजे हे पाव्हने झाले. उद्या हे जेवल्याबिगर या घरात कोनी जेवनार नाही. आधीच सांगून ठेवतो."

दुसऱ्या दिवशी सकाळपासून घरात पुरण शिजत होतं. वेलचीचा वास, कढीला दिलेली फोडणी, तेलात फुगणारे उडदाचे वडे. मी स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात बसून तो वास गिळत होते. बाबांनी बैलांच्या शिंगांना बेगड लावली, पाठीवर आईच्या जुन्या लुगड्याच्या झुली टाकल्या, गळ्यात घुंगरू बांधले. आई ताट घेऊन आली, पाय धुतले, कुंकू लावलं, ओवाळलं आणि पुरणपोळीचा घास उजव्या बैलाच्या तोंडाशी धरला. घास तोंडाशीच राहिला. बाबा आईकडे बघत होते, आई बैलाकडे बघत होती आणि बैल पाटलांच्या नजरेने आम्हा सगळ्यांकडे बघत होता.

"झालं, दाखवला घास. घे आता आत," बाबा म्हणाले.

"घास देवाले दाखवतेत," आई म्हणाली. "बैल खाते."

तेवढ्यात कोतवाल आला. गावच्या सगळ्या जोड्या तोरणाखाली लागल्या होत्या आणि पाटील विचारत होते, साहेबांचे बैल जेवले का. नाही जेवले, असं आईने सांगून टाकलं. कोतवाल गेला आणि थोड्या वेळाने खुद्द पाटील आले, त्यांच्यामागे निम्मं गाव आलं. आता खरी पंचाईत झाली. आवतण दिलेली एकही जोडी उपाशी असेल तर तोरण तोडून पोळा फोडता येत नाही, असा नियम पाटलांना आठवला. तो पूर्वी कुणी ऐकला नव्हता, कारण आवतण घेऊन जेवायला नकार देणारी जोडी गावात पूर्वी निघालीच नव्हती. आता आमच्या बैलांसाठी अख्खा पोळा खोळंबला. तिकडे उभ्या असलेल्या बैलांपैकी एकाने तोरणाची आंब्याची पानं खायला सुरुवात केली, अशी बातमी आली.

मग सल्ले सुरू झाले. कुणी म्हणालं ताट जमिनीवर ठेवा, कुणी म्हणालं माणसांनी बाजूला व्हावं, बैल लाजून राहिले. शेवटी बाबांनी पटाशी आणली आणि उजव्या बैलाचं तोंड कोरून उघडायला घेतलं. घास आत बसला की खाल्ला म्हणायचं, असं ठरत होतं. पाटील स्वतःचा चेहरा कोरला जाताना बघावा तसे बघत होते. चौथ्या-पाचव्या घावाला जबड्याचा ढलपा सुटला आणि आतून पिठासारखा भुसा भुरुभुरु गळला. त्याबरोबर एक जाड, पांढरी अळी माझ्या पायाशी पडली. जिल्ह्यातल्या किडी ज्याला घाबरायच्या, त्या माणसाच्या सपरीतल्या बैलाला कीड लागली होती. बाबांचा मात्र चेहरा उजळला. त्यांनी खिशातून भिंग काढलं आणि पोळा, पाटील, पुरण सगळं विसरून ते जमिनीवर उकिडवे बसले. "अरे वा! भुंगेऱ्याची अळी! काय सुंदर आहे, बघा!"

पाटलांना वाट सापडली. ते वाकून म्हणाले, "म्हंजे बैलाच्या पोटात जीव हाय. साहेब, हे अळी पुरन खाते का? तिनं खाल्लं का बैलानं खाल्लं. मी मंजूर करतो."

सगळं अंगण बाबांकडे बघायला लागलं. फक्त 'हो' म्हणायचं होतं. अळीला कोण विचारणार होतं? मी मनातल्या मनात ओरडत होते, बाबा, हो म्हणा. बाबांनी भिंगातून अळीकडे बघितलं, पाटलांकडे बघितलं, आणि त्यांच्या चेहऱ्यावर जी ओढाताण झाली ती मी कधी विसरले नाही. इतक्या वर्षांची इच्छा एका शब्दावर आली होती.

"नाही खात, पाटील," ते हळूच म्हणाले. "ही फक्त लाकूड खाते."

पाटलांनी उपरण्याने तोंड पुसलं. ते जायला वळले तशी आई पुढे आली. पदर खोचलेला, कपाळावर घाम, हातात तेच ताट. ती बाबांसमोर उभी राहिली. "उठा. त्याहिले तोंड नाही ना? मंग तुमी द्या तोंड. आवतन तुमी देल्लं, खांद तुमी मळली. दोघाचे दोन घास तुमी खा, मी भरवतो."

बाबांनी पाटलांकडे बघितलं. पाटलांनी डोळे मिटून विचार केला आणि मान हलवली. "तोंड उसनं चालते." मग अख्ख्या गावासमोर आईने बाबांना घास भरवला, एक उजव्याचा, एक डाव्याचा. एरवी त्या दोघांना मी शेजारी बसलेलंही बघितलं नव्हतं. बायांनी तोंडाला पदर लावले. बाबांनी दोन्ही घास नीट चावून गिळले आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या.

आमची जोडी कुई कुई करत पोळ्यात गेली. एक बैल मी ढकलत होते, दुसरा कोतवाल. बाबा मधून कासरा धरून ताठ चालत होते. खरे बैल बिचकून बाजूला झाले आणि रांगेच्या टोकाला आम्हाला जागा मिळाली. एकेकाच्या झडत्या झाल्या. आमची पाळी आली. बाबांनी घसा खाकरला, हात वर केला.

"थांबा, साहेब," पाटील म्हणाले. त्यांचा आवाज पडला होता. त्यांनाही ते आवडत नव्हतं, हे दिसत होतं. "ज्या तोंडानं बैलाचा घास घेतला, ते तोंड आज बैलाचं हाय. बैल झडती नाही म्हनत. कासऱ्यावाला म्हनते."

बाबांचा हात तसाच वर राहिला. मग तो हळूहळू खाली आला. ते वादावादी करतील असं मला वाटलं होतं, पण त्यांनी काही केलं नाही. त्यांना नियम पटला असावा. तेच तर त्यांचं दुखणं होतं. त्यांनी मान खाली घातली आणि कासरा जमिनीवर सोडला.

तो आईने उचलला. ती बायांच्या घोळक्यातून कधी निघाली, मला कळलं नाही. रांगेत कोणी तरी "अवो बाई" म्हणालं. बाईने कासरा धरू नये असा नियम गावात नव्हता. कुणाला तो करायची गरजच वाटली नव्हती. लेखराम पाटलांनी तोंड उघडलं, नियम आठवून बघितला आणि तोंड मिटलं. आईने डोक्यावरचा पदर सारखा केला. मला वाटलं ती खोडकिड्याची झडती म्हणेल. पण तिने म्हटलेली झडती मी कधी ऐकलेली नव्हती. बाबा ती बैल कोरताना स्वतःशी पुटपुटायचे आणि आई पलीकडे चुलीपाशी बसून ऐकायची, हे मला पुष्कळ नंतर समजलं. शब्द शाळेच्या भिंतीपर्यंत पोचले:

बोडी गेली भावाले, गेला धुरा-बांध,
वावर नाही राह्यलं, तरी दुखते खांद!

गजर पहिल्यांदा पाटलांनी दिला आणि पाठोपाठ सगळ्या गावाने दिला, इतका मोठा, की दोन खऱ्या जोड्या उधळल्या. हल्ली त्या गावात तोरणाखाली ट्रॅक्टर उभे राहतात, कुंकू लावलेले, हार घातलेले, आणि ते जेवले की नाही हे त्यांना कोणी विचारत नाही. त्या दिवशी मात्र लोक तोरण तोडायचं सोडून आमच्याकडे बघत होते. आईच्या हातात कासरा होता. बाबा दोन लाकडी बैलांच्या मध्ये उभे होते आणि त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. त्यांनी ते पुसलं नाही आणि तोंडातून एक शब्द काढला नाही. घरी येऊन आम्ही सगळे जेवून उठलो, तरी ते बोलले नाहीत. दिवस मावळेपर्यंत तोंड बैलांचं होतं, आणि बाबांनी ते प्रामाणिकपणे पाळलं.